बागेतल्या कार्यशाळेत जमलं, घरी फसलं? या चुका टाळा

सार्वजनिक बागेत ऋतूनुसार भरणाऱ्या कार्यशाळांमधून बहुतेक मंडळी खूश होऊन परततात. हातात ओल्या कागदात गुंडाळलेली एखादी फांदी असते, नखांत माती असते आणि डोक्यात बेत असतात. महिनाभरात मात्र फांदी काळी पडते, रोपं आडवी होतात, खताच्या बादलीला वास सुटतो. मग ‘माझ्या हाताला गुण नाही’ म्हणून विषय मिटवला जातो. हाताचा यात काही संबंध नाही. कार्यशाळेत आपण केलं ते कामाचं दुसरं अर्धं असतं. पहिलं अर्धं माळ्यांनी आपण पोचण्याआधीच उरकलेलं असतं. निरोगी झाड हेरलेलं, योग्य वयाच्या फांद्या काढलेल्या, माती चाळून मिसळलेली, दिवससुद्धा विचार करून ठरवलेला. ते डोळ्यांसमोर घडत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. खालच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

मोकळा रविवार पाहून विषय निवडणं

चांगल्या बागेत कार्यशाळेची तारीख हाच निम्मा धडा असतो. छाटणी ठरावीक दिवसांतच शिकवतात, कारण काही झुडपं नव्या फुटीवर फुलतात आणि काही गेल्या हंगामात वाढलेल्या फांद्यांवर. पहिल्या प्रकाराला छाटणीने जोर येतो. दुसऱ्या प्रकाराला बहराआधी कात्री लावली तर कळ्याच कापल्या जातात. अशा झुडपाची छाटणी फुलं ओसरल्याबरोबर करायची असते. आपण मात्र पाहिलेलं काम दोन महिन्यांनी भलत्याच झुडपावर करतो आणि वर्षभर फुलाची वाट पाहतो.

गुटी कलमाचंही, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडण्याचंही, तसंच. झाडात रस खेळता असावा आणि हवेत दमटपणा असावा, तेव्हाच फांदीची दोन-अडीच सेंटिमीटर साल गोलाकार काढून त्यावर ओलं शेवाळ बांधायचं. वेळ बरोबर आहे का, हे साल सांगते. चाकूच्या टोकाने हलकं उचललं की ती सुटून यायला हवी. खरवडून काढावी लागत असेल तर थांबा. म्हणून प्रत्येक कार्यशाळेत एक प्रश्न विचाराच: हे काम अजून किती दिवस करता येईल आणि वेळ गेली हे कशावरून ओळखायचं? ‘अमुक महिन्यात करा’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. महिना सगळीकडे सारखा नसतो, झाडाची खूण मात्र सारखी असते.

ऋतू म्हणजे केवळ ऊन-पाऊस-थंडी नाही, हेही इथेच लक्षात घ्या. १९२० साली गार्नर आणि ॲलार्ड या दोन अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं की कित्येक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून फुलायचं ठरवतात. पुढे कळलं की खरं मोजमाप सलग अंधाराचं असतं. शेवंती याच गटातली. बागेतली शेवंती कळ्यांनी लगडते आणि त्याच रोपापासून केलेली घरची शेवंती हिरवीगार, उंच, पण कळीविना राहते. लोक खत वाढवतात, मग पाणी वाढवतात. दोष बहुधा रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा बाल्कनीत रात्री जळणाऱ्या बल्बचा असतो. मध्यरात्री थोडा वेळ पडलेला उजेडही तिची रात्र मोडतो. कुंडी अशा जागी हलवा जिथे रोज १३-१४ तास सलग अंधार मिळेल आणि दिवसा मात्र भरपूर ऊन. कळ्यांना रंग दिसेपर्यंत हा क्रम मोडू नका.

फांदी फुटली म्हणजे रुजली असं समजणं

छाट कलमावर, म्हणजे फांदीचा तुकडा (छाट) मातीत खोचून रोप करण्यावर, जरा जास्त बोलतो, कारण सर्वांत जास्त निराशा इथेच होते आणि ती बहुतांशी टाळता येण्यासारखी आहे.

छाट खोचल्यावर पंधरा दिवसांत वरच्या डोळ्यातून, म्हणजे फांदीवरच्या कोंबाच्या जागेतून, दोन कोवळी पानं डोकावतात. घरात आनंद होतो. कुंडी लगेच उन्हात जाते, चिमूटभर खत पडतं, कधीकधी छाट उपटून मोठ्या कुंडीत लावली जाते. आठवड्यात ती पानं मलूल होऊन गळतात. झालेलं असं असतं की फांदीत साठवलेल्या अन्नावर डोळा फुटला होता, खाली मूळ नव्हतंच. पानं मुळांच्या आधी येऊ शकतात. किंबहुना पुष्कळदा तशीच येतात. नवी वाढ टिकून राहते का, एकामागून एक पान येतं का, कुंडीच्या भोकातून पांढरं मूळ दिसतं का, हे पाहा. चार-सहा आठवडे तरी छाट ओढून बघायची नाही. रोज हलकेच ओढून पाहिलं की नुकती फुटू लागलेली मुळं तुटतात, आणि ओढणाऱ्याला ते कळतही नाही.

आता मागे जाऊन त्या न पाहिलेल्या अर्ध्याकडे वळू. कार्यशाळेत हाती दिलेली फांदी साधारण पेन्सिलीएवढ्या जाडीची असते, फार कोवळी नाही आणि जून होऊन कडकही नाही. लांबी १५ ते २० सेंटिमीटर, तिच्यावर तीन-चार डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा काप सरळ. या तिरक्या-सरळ कापाला अनेकजण शोभेची गोष्ट समजतात. खरं तर खालचं टोक कोणतं ते त्यावरून कळतं. मुळं फुटायला लावणारं ऑक्सिन हे द्रव्य फांदीत शेंड्याकडून बुडाकडे वाहतं, म्हणून मुळं बुडाशीच फुटतात. पानं झडलेली फांदी उलटी खोचली जाणं ही दिसते त्यापेक्षा फार जास्त वेळा होणारी चूक आहे. घरी दहा-बारा छाटा एकदम कापल्या की कुठलं टोक कुठलं हे विसरायला होतंच.

मातीचीही तीच गोष्ट. बागेत छाटेसाठी वापरलेल्या मिश्रणात वाळू किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असतं आणि खत जवळजवळ नसतं. घरी आपण मायेने शेणखत-गांडूळखत घातलेली माती देतो. छाटेला मुळंच नाहीत, तर ती ते खाणार कशाने? ओलसर, खतवट मातीत तिचा ताजा काप कुजतो. खत मुळं फुटल्यावर द्या.

पानांचं प्रमाण हा तिसरा मुद्दा. मुळं नसलेली फांदी पाणी पुरेसं शोषू शकत नाही, पण पानांतून ते उडत राहतं. म्हणून खालची सगळी पानं काढायची, वर दोन-तीन ठेवायची आणि ती मोठी असली तर अर्धी कापायची. वरून पारदर्शक पिशवी किंवा कापलेली बाटली उपडी घालून दमटपणा राखायचा. मात्र ही झाकलेली कुंडी थेट उन्हात ठेवली तर आत उष्णता कोंडून छाट भाजून निघते. उजेड हवा, ऊन नको.

मुळं फुटण्याची पावडर घेतली असेल तर छाटेचं ओलं टोक थेट डबीत बुडवू नका, उरलेली पावडर खराब होते. थोडी कागदावर काढून घ्या आणि टोक टेकवून जादाची झटकून टाका. प्रमाणाबाहेर ऑक्सिन मुळांना अडवतं, म्हणून थर चढवण्यात काही फायदा नाही. आणि बागेतून मिळालेली छाट परतीच्या वाटेवर तापलेल्या गाडीत सोडून दुसरीकडे कुठे थांबू नका. ओला कागद, वर पिशवी, सावली आणि त्याच दिवशी लागवड.

रोपं लोळली की पाणी घालणं

बियांच्या कार्यशाळेनंतरची ही नेहमीची तक्रार. उगवलेली रोपं जमिनीलगत बारीक होऊन एकाएकी आडवी पडतात. लोकांना वाटतं तहानली. खरं तर हा बुरशीजन्य मर रोग असतो, तो जादा ओलाव्याने आणि कोंडलेल्या हवेने पसरतो, आणि पाणी घालून आपण त्याला मदतच करतो. पडलेली रोपं मातीसकट काढून टाका, उरलेल्यांवर वारा खेळू द्या, वरचा थर सुकल्याशिवाय पाणी नको. पुढच्या वेळी बी विरळ पेरा. रोपं उंच, फिकी आणि एका बाजूला झुकलेली असतील तर प्रश्न वेगळा आहे, त्यांना उजेड कमी पडतोय.

बी किती खोल पेरायचं? त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट. अगदी बारीक बी नुसतं मातीवर भुरभुरवून दाबायचं, कारण त्यातल्या काहींना उगवायला उजेड लागतो. जुनं पाकीट असेल तर आधी १० बिया ओल्या कागदात गुंडाळून पाहा. कांद्याचं बी एक-दोन वर्षांतच जोम गमावतं, टोमॅटोचं चार-पाच वर्षं टिकू शकतं. दहातल्या पाचच उगवल्या तर दुप्पट पेरा.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर

हा सल्ला इतक्या ठिकाणी दिला जातो की तो चुकीचा आहे हे पटायला वेळ लागतो. बारीक माती आणि खाली जाड खडी अशी रचना असली की पाणी मातीतून खडीत सहज उतरत नाही. सीमेवरची माती पूर्ण तुंबली की मगच ते खाली सरकतं. म्हणजे ओल्या मातीचा पट्टा आपण मुळांच्या जवळ, वर आणून ठेवतो. निचरा हवा असेल तर संपूर्ण मिश्रणच भुसभुशीत करा आणि भोक मोकळं ठेवा. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी पुरते. आणि माती ओली असताना झाड मान टाकत असेल तर ते तहानलेलं नाही, त्याची मुळं गुदमरताहेत.

बागेच्या ढिगाचे नियम घरच्या बादलीला लावणं

बागेत दाखवलेला कंपोस्टचा ढीग निदान एक मीटर लांब, रुंद आणि उंच असतो. एवढ्या आकारात उष्णता आत कोंडून तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत जातं आणि तणांचं बी, रोगजंतू बहुतांश मरतात. घरच्या बादलीत ही गरमी धरून राहत नाही. त्यामुळे ‘बागेत सगळंच टाकतात’ म्हणून रोगट पानं आणि बी धरलेलं तण घरच्या बादलीत टाकलं, तर वर्षभराने तेच कुंड्यांमध्ये परत येतं.

बाकी नियम दोन्हीकडे सारखे. कार्बन (जो सुक्या पानांत जास्त) आणि नायट्रोजन (जो ओल्या, हिरव्या कचऱ्यात जास्त) यांचं गुणोत्तर २५-३० ला १ असावं असं सांगतात, ते हातानं मोजता येत नाही. ओल्या कचऱ्याच्या एका मापाला सुक्या पानांची दोन ते तीन मापं, हा अंदाज पुरतो. मूठभर मिश्रण घट्ट पिळून पाहा. एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर सुकी पानं मिसळून उलथापालथ करा. काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. कुजका वास म्हणजे हवा कमी, झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे हिरवा कचरा जास्त.

निसर्गफेरीत फोटो काढत चालणं

१५४५ साली इटलीत पडुआला विद्यापीठाने बाग उभारली ती वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती प्रत्यक्ष पाहून ओळखता याव्यात म्हणून. चित्रावरची ओळख फसवी निघते, हा अनुभव तेव्हाही होता. पान उलटून शिरा पाहा, चुरगळून वास घ्या, पण मार्गदर्शकाला विचारूनच. काही झाडांचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते आणि कण्हेरीसारखी झाडं पुरती विषारी असतात. मधमाशीच्या दंशाची किंवा परागकणांची ॲलर्जी असेल तर ती नाव नोंदवतानाच सांगा.

पक्ष्यांची फेरी उजाडताना असते ती उगाच नाही, आणि फुलपाखरांची उशिरा असते कारण पंख उन्हात तापल्याशिवाय ती नीट उडत नाहीत. फुलपाखरांची कार्यशाळा करून आलेले लोक रंगीत फुलं लावतात आणि लिंबाच्या पानावर अळी दिसली की फवारणी करतात. ती कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि तिचंच लिंबावरचं फुलपाखरू होतं. थोडी पानं तिला सोडून द्या, निरोगी झाडाला ती परवडतात.

कार्यशाळा घेणाऱ्यांनीही हे पाहावं

दोन तासांत पाच विषय घेऊ नका. एकच काम प्रत्येकाच्या हातून दोनदा होऊ द्या. माती तयार करून ठेवण्याऐवजी निदान एक घमेलं सगळ्यांसमोर मिसळा. आणि शक्य असेल तेव्हा फसलेली छाट उभी चिरून दाखवा. एक रुजलेली छाट दाखवून जे कळत नाही ते मेलेल्या तीन छाटांतून कळतं.

ज्यांची छाट घरी मेली, त्यांनीही ती फेकू नये. बुडापासून वर काळी, मऊ होत गेली असेल तर ओलावा जास्त किंवा कात्री अस्वच्छ. पुढच्या वेळी कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्या. शेंड्याकडून सुकत आली असेल तर दमटपणा कमी पडला. बुडाशी फिकट, खडबडीत गाठ धरली आहे पण मूळ नाही, अशी छाट अजून मेलेली नाही, तिला उबदार जागा आणि आणखी काही आठवडे द्या. यातलं काहीच जुळत नसेल तर पुढच्या कार्यशाळेला ती सोबत न्या, मात्र बंद पिशवीत, म्हणजे तिच्यावरचा रोग बागेच्या रोपवाटिकेत शिरणार नाही.