बादली बुडाला नाही, कानाला तुटते: बागकामाची भांडी निवडताना या चुका टाळा

बागेतली मोडकी भांडी एकदा गोळा करून नीट बघा. बुडाला भोक पडलेली त्यांत थोडीच निघतील. बहुतेकांचा कान तुटलेला असेल, कडी निसटलेली असेल, नाहीतर काठापासून खाली चीर गेलेली असेल. जमिनीवर ठेवल्यावर भार बुडावर असतो खरा, पण उचलताच तो कडी अडकते त्या दोन ठिकाणी एकवटतो. आणि विकत घेताना आपण काय बघतो? बुडावर टकटक करतो आणि रंग निवडतो. मीही कितीतरी वर्षं हेच केलं.

लिटर बघून भांडं घेणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तिथे हिशोब सोपा. ओली माती किंवा ओली वाळू मात्र लिटरला साधारण दीड ते दोन किलो भरते. म्हणजे 20 लिटरच्या बादलीत पाणी असेल तर वजन 20 किलो, आणि तीच बादली ओल्या मातीने काठोकाठ भरली तर 30 ते 40 किलो. वाळका पाला त्याच बादलीत जेमतेम एक-दोन किलो मावतो. पाण्याची बादली मातीला वापरली की कान तुटतो. कान टिकला तर कंबर धरते.

म्हणून माती, वाळू, खडी यांसाठी भांडं मुद्दाम लहान घ्यावं, 10-12 लिटरचं पुरे. मोठं असलं की हात आपोआप भरत सुटतो, अर्ध्यावर थांबायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. पाल्याला आणि कापलेल्या गवताला मात्र मोठी टोपली किंवा पसरट टब हवा. लांब न्यायचं असेल तर एक भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन्ही हातांत दोन अर्ध्या नेणं बरं, शरीर एका बाजूला कलत नाही.

कडी आणि कान न तपासणं

कडीची तार बोटांनी दाबून वाकत असेल तर ती बादली तिथेच ठेवा. कानाजवळचं प्लॅस्टिक बाकी भिंतीपेक्षा जाड हवं आणि काठ बाहेरून वळवलेला हवा. कडीचं टोक प्लॅस्टिकच्या भोकात घासून भोक हळूहळू मोठं करतं. कडी खुळखुळायला लागली की जड काम त्या बादलीला देऊ नका. मूठ तुटून नुसती तार हाताला रुतत असेल, तर जुन्या पाण्याच्या पाइपाचा वीतभर तुकडा उभा चिरून तारेवर बसवा.

मऊ, दोन कानांचे टब चांगले, पण ते दोन्ही कान धरूनच उचलायचे. घाईत एकाच कानाने फरफटत नेले की तिथेच फाटतात.

उन्हात सोडून देणं

वजनाइतकंच ऊनही प्लॅस्टिकला मारतं. पृष्ठभागावर हात फिरवल्यावर पांढरट भुकटी लागली, तर आतलं प्लॅस्टिक ठिसूळ व्हायला लागलं असं समजा. काळ्या घमेल्यातली काजळी ऊन शोषून प्लॅस्टिक वाचवते, त्यामुळे चांगलं काळं घमेलं जास्त टिकतं. मात्र हलकं, पुन्हा वितळवलेलं प्लॅस्टिकही काळ्याच रंगात दडवता येतं. नुसत्या रंगावर जाऊ नका, भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आहे का ते चाचपा. विणलेल्या प्लॅस्टिकच्या गोण्या उन्हात राहिल्या की त्यांचे धागे सुटून मातीत मिसळतात, आणि ते वेचत बसणं हा एक वैताग.

पत्र्याच्या भांड्यात काहीही ओतणं

जस्ती बादली मजबूत, पण तिचा जीव वरच्या जस्ताच्या थरात असतो. ओलं शेण, खताचं पाणी तिच्यात रात्रभर ठेवलं की तो थर खाल्ला जातो आणि मग गंज लागतो. काम झालं की धुऊन पालथी घाला. मोरचुदाचं (बुरशीवर फवारतात त्या निळ्या कॉपर सल्फेटचं) पाणी तर लोखंडी किंवा जस्ती भांड्यात कालवूच नका: द्रावणातलं तांबं भांड्यावर चढतं, भांडं झिजतं आणि द्रावणही बिघडतं. त्याला प्लॅस्टिकच हवं.

कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही भक्कम दिसला तरी पाणी, चारा किंवा फळं वाहायला घ्यायचा नाही. यात तडजोड नाही.

बांबूच्या टोपलीला ओल आणि भुंगा नडतो. जमिनीवर टेकवून ठेवू नका, वारा लागेल अशी टांगा.

बिघाड झालाच तर

एकात एक अडकलेल्या बादल्या ओढत बसू नका, कान तुटतील. आतल्या बादलीत गार पाणी भरा आणि बाहेरचीवर गरम पाणी ओता. बाहेरची किंचित फुगते, आतली आकसते आणि सुटते. पुढच्या वेळी रचताना मध्ये दोरीचा तुकडा ठेवा, हवा आत जात राहते.

चीर पडली तर आधी तिच्या अगदी टोकाला बारीक गोल भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग दोन्ही बाजूंना भोकं पाडून तारेने शिवा. बादल्यांच्या प्लॅस्टिकला साधा गोंद धरत नाही, त्यात वेळ घालवू नका. शिवलेल्या बादलीत पाणी राहणार नाही, पण पाला आणि तण वाहायला ती पुष्कळ चालते. कानच तुटला असेल तर काठाखाली समोरासमोर भोकं पाडून दोरीची कडी ओवा आणि त्या बादलीला फक्त हलकं काम द्या.