स्मोक अलार्म थेट लाइटवर जोडताना

वायरिंग नव्यानं करायला काढलं की हल्ली गिऱ्हाईक २३० व्होल्टचे स्मोक अलार्म हातात देतं आणि म्हणतं, "एक्झॉस्टसारखा जोडून टाका." एक्झॉस्टला बटण लागतं; अलार्मला बटण असता कामा नये.

आपल्याकडे छतातल्या पॉइंटवर येणारा फेज बटणातून फिरून आलेला असतो. त्यावर अलार्म टांगला तर दिवा मालवताच तो बॅटरीवर जातो. म्हणून फेज बोर्डात, बटणाच्या आधी घ्यायचा, तोही हॉलच्या रोजच्या लाइटच्या सर्किटवरून. एमसीबी (सर्किटचा आपोआप पडणारा स्विच) पडला तर अंधारामुळे लगेच कळतं. तिथून वायर ओढायची स्प्रिंग टाकून १.५ स्क्वेअर एमएमच्या तीन वायरी ओढा: लाल फेज, काळी न्यूट्रल आणि तिसरी इंटरकनेक्टची, म्हणजे अलार्म एकमेकांना जोडणारी. तिसरी मी पांढरी घेतो. हिरवी घेतलीत तर पुढचा वायरमन ती अर्थिंगला जोडून मोकळा होईल.

याच तिसऱ्या वायरीमुळे हॉलमध्ये धूर झाला की बेडरूममधला अलार्मही बोंबलतो. तिला चुकून फेज लागला तर सगळे अलार्म जळू शकतात. सिग्नल न्यूट्रलवरून परततो, म्हणून सगळे अलार्म एकाच सर्किटवर हवेत. वरच्या मजल्याला वेगळा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) असला तरी तिथला अलार्म खालच्याच सर्किटवरून न्या. अलार्म एकाच कंपनीचे घ्या.

बोर्ड लायसनवाल्या वायरमननंच उघडावा. आणि नुसता मेन पाडून भागत नाही, इन्व्हर्टर त्याच वायरीत करंट सोडत असतो. त्याचं आउटपुट आधी काढा, मग टेस्टर आणि टेस्ट लॅम्प दोन्ही लावून बघा.

जागा छताच्या मध्याकडे, भिंतीपासून निदान ३० सेंटिमीटर आत. पंख्याच्या पात्यांपासून ३ फूट लांब, नाहीतर वारा धूर पळवतो. स्वयंपाकघरात स्मोक अलार्म लावूच नका. मिरचीच्या फोडणीला तो दोनदा वाजला की घरातलं कुणीतरी स्टुलावर चढून बॅटरीच काढतं. तिथे तापमानावर चालणारा हीट अलार्म लावा, तोही याच साखळीत बसणारा. देवघराच्या डोक्यावरही स्मोक अलार्म नको. कापूर, धूप रोजचेच.

रंगकाम उरकेपर्यंत अलार्मवरची प्लास्टिकची टोपी राहू द्या. पॉलिशपेपरची धूळ आत गेली की तो उगाच वाजतो. शेवटी अलार्मवरचं टेस्टचं बटण दाबून सगळे वाजतात का ऐका, मग एमसीबी पाडून बॅटरीवर पुन्हा तेच. बदलायची तारीख अलार्मच्या पाठीवर असते, साधारण १० वर्षांची. मी ती डीबीच्या (एमसीबी बसवलेल्या पेटीच्या) झाकणाच्या आतही मार्करनं लिहून ठेवतो.