इंग्रजी पत्रात कुठला शब्द कुठे बसवायचा

आमच्या सोसायटीचं इंग्रजी पत्र बाहेर जाण्याआधी माझ्याकडे तपासायला येतं. स्पेलिंग मी शेवटी बघतो, ते मोबाइलही पकडतो. आधी बघतो ती शब्दांची जागा. 'रामाने रावणाला मारलं' हे वाक्य उलटंपालटं केलं तरी मारणारा रामच राहतो, कारण 'ने' आणि 'ला' शब्दाला चिकटलेले असतात. जुन्या इंग्रजीतही असे प्रत्यय होते. ते झिजत गेले आणि त्यांचं बरंचसं काम जागेवर येऊन पडलं.

पहिली नजर 'ओन्ली'वर. 'ओन्ली मेंबर्स मे पार्क स्कूटर्स हिअर' म्हणजे इथे स्कूटर लावायची ती सभासदांनीच. 'मेंबर्स मे पार्क ओन्ली स्कूटर्स हिअर' म्हणजे सभासदांनी इथे स्कूटरच लावायची, मोटार नाही. वाक्य मनात मराठीत म्हणा, 'च' कुठे लागतो ते बघा आणि 'ओन्ली' त्या शब्दाच्या लगेच आधी ठेवा. 'आजच'च्या चालीवर आपण 'टुडे ओन्ली' म्हणतो. बोलण्यात खपतं, नोटिशीत टाळा. (चेकवर रकमेनंतर 'ओन्ली' येतं ते पुढे कुणी रक्कम वाढवू नये म्हणून.)

पण सगळ्यात जास्त घोळ होतो तो ठरावात. 'प्रेझेंट मेंबर्स' म्हणजे सध्याचे सभासद. 'मेंबर्स प्रेझेंट' म्हणजे सभेला हजर असलेले. समजा सभासद 60 आणि सभेला आले 30. 'टू-थर्ड्स ऑफ द प्रेझेंट मेंबर्स' लिहिलंत तर 40 मतं लागतील. 'ऑफ द मेंबर्स प्रेझेंट' लिहिलंत तर 20 पुरतील. शब्द तेच, पण ठराव पडू शकतो. भारताच्या राज्यघटनेच्या कलम 368 मध्येही (घटनादुरुस्तीचं कलम) सदस्यांच्या नंतरच 'प्रेझेंट अँड व्होटिंग' येतं, म्हणजे हजर राहून मत देणारे.

'कन्सर्न्ड ऑफिसर'चंही तेच. आपल्या सरकारी पत्रांत ते सर्रास चालतं, कुणी अडत नाही. परदेशी वाचकाला मात्र तो काळजीत पडलेला अधिकारी वाटेल. संबंधित अधिकारी हवा असेल तर 'द ऑफिसर कन्सर्न्ड' लिहा.

शेवटी 'नॉट'. 'ऑल मेंबर्स हॅव नॉट पेड' वाचून कळत नाही, काहींचे पैसे राहिलेत की एकानेही भरले नाहीत? काहींचे राहिले असतील तर 'नॉट ऑल मेंबर्स हॅव पेड'. एकानेही भरले नसतील तर 'नो मेंबर हॅज पेड'. पण तसं असेल तर पत्राआधी खजिनदाराला फोन लावा.