फ्रँचायझी घेताना: विक्रीतला वाटा, करारातली कलमं आणि बाहेर पडायची वाट

फ्रँचायझीत, म्हणजे एखाद्या कंपनीचं नाव आणि पद्धत वापरून तुम्ही चालवलेल्या दुकानात, कंपनीचा वाटा (रॉयल्टी) बहुतेक वेळा विक्रीवर मोजला जातो आणि तुमची कमाई सगळे खर्च भागवून जे उरेल त्यावर. दुकान तोट्यात असलं तरी विक्री होतेय तोवर रॉयल्टी जात राहते. सवलतीच्या योजना, दुकान उघडं ठेवायच्या वेळा, जवळच निघालेली दुसरी शाखा यांवरून पुढे जे वाद होतात, त्यांचं मूळ याच फरकात असतं. म्हणून कंपनीची माहितीपुस्तिका बाजूला ठेवून आधी हिशेबाला बसा.

१०० च्या विक्रीचा हिशेब

खाद्यपदार्थांच्या दुकानाचं एक नमुना गणित मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे वेगळे येतील. विक्री १०० धरली, तर माल ३२, पगार २२, भाडं १२, वीज-पाणी ५, दुरुस्ती आणि किरकोळ ४, कार्ड व ऑनलाइन ऑर्डरचं कमिशन ४, रॉयल्टी ६, कंपनीला द्यायचा जाहिरात निधी ३. एकूण खर्च ८८, हातात १२. कर्जाचा हप्ता आणि तुमचा स्वतःचा पगार या १२ मधूनच निघायचा आहे.

आता कंपनीने १० टक्के सवलतीची योजना लावली. गिऱ्हाईक तेवढंच आलं तर गल्ल्यात ९० पडतात. माल, पगार, भाडं, वीज, दुरुस्ती हे ७५ जसेच्या तसे राहतात. रॉयल्टी, निधी आणि कमिशन विक्रीच्या प्रमाणात उतरून ११.७ होतात. उरतात ३.३. कंपनीचे (रॉयल्टी आणि निधी मिळून) ९ चे ८.१ झाले, म्हणजे दहावा हिस्सा गेला. तुमचे १२ चे ३.३ झाले, जवळजवळ तीन चतुर्थांश गेले. पगार आणि भाडं न वाढता नगांची विक्री सुमारे १९ टक्के वाढली, तरच तुम्ही पुन्हा १२ वर येता. त्यामुळे योजनेत भाग घेणं सक्तीचं आहे की ऐच्छिक आणि सवलतीचा भार कोण उचलणार, हे करारात शोधा.

याच गणितातून ना नफा ना तोटा हा बिंदूही निघतो. विक्रीबरोबर न हलणारे खर्च (पगार, भाडं, वीज, दुरुस्ती) ४३ आहेत. प्रत्येक १०० च्या विक्रीतून माल, रॉयल्टी, निधी आणि कमिशन वजा जाता ५५ राहतात. ४३ ला ५५ ने भागलं की ०.७८ येतं. अपेक्षित विक्रीच्या ७८ टक्क्यांवर तुमची कमाई शून्य होते आणि त्या दिवशीही कंपनीला ७ मिळालेले असतात. हप्ता आणि तुमचा पगार ४३ मध्ये मिळवून हेच गणित पुन्हा करा. खरा आकडा तो.

‘विक्री’ या शब्दाची करारातली व्याख्या शब्दन्‌शब्द वाचा. कर, परत आलेला माल, दिलेली सवलत आणि ऑनलाइन ऑर्डरचं कमिशन वजा करून रॉयल्टी मोजतात की सगळं धरून? कमिशन धरून मोजत असतील, तर जे पैसे तुमच्या हाती आलेच नाहीत त्यांवरही तुम्ही रॉयल्टी भरता. किमान रॉयल्टीचं कलम असेल, तर मंदीच्या महिन्यात टक्केवारीला काही अर्थ उरत नाही.

विक्रीचा अंदाज स्वतः काढा

कंपनीने दाखवलेला सरासरी आकडा बऱ्याचदा मोक्याच्या जागांवरच्या जुन्या शाखांमुळे फुगलेला असतो. मधला आकडा मागा: निम्म्या शाखा ज्याच्या वर आणि निम्म्या ज्याच्या खाली आहेत तो. शिवाय एखादी चालू शाखा निवडा. सकाळी दुकान उघडताच छोटीशी खरेदी करा, रात्री बंद व्हायच्या आधी पुन्हा एक. दोन्ही बिलांचे क्रमांक वजा केले की दिवसभराची बिलं कळतात. रोज १ पासून क्रमांक सुरू होत असतील तर रात्रीचं बिल पुरतं. काउंटरगणिक क्रमांक वेगळे असतील, तर दोन्ही वेळा त्याच काउंटरवर घ्या आणि बाकीचे काउंटर वेगळे मोजा. आठवड्यातला एक कामाचा दिवस, एक सुट्टीचा आणि महिन्याअखेरचा एक, असे तीन दिवस हे करा. बिलांची संख्या गुणिले सरासरी बिल हा अंदाज पुस्तिकेतल्या आकड्याशेजारी ठेवून पाहा.

कागदपत्रं आणि सोडून गेलेली माणसं

अमेरिकेत केंद्रीय नियमानुसार करारावर सही किंवा पैसे भरण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला २३ मुद्द्यांची माहिती लेखी द्यावी लागते. अनेक देशांत असा वेगळा कायदा नाही. तिथेही हीच यादी हातात धरून लेखी उत्तरं मागता येतात. त्यातला सातवा मुद्दा सुरुवातीच्या एकूण खर्चाचा आहे, सतरावा मुदतवाढ आणि करार संपण्याच्या अटींचा, एकोणिसावा शाखांच्या कमाईबद्दल कंपनी जे सांगते त्याचा. सगळ्यांत आधी विसावा वाचावा. त्यात तीन वर्षांत किती शाखा उघडल्या, किती बंद झाल्या आणि किती मालक बदलले हे असतं, आणि गेल्या आर्थिक वर्षात बाहेर पडलेल्यांशी संपर्क कसा साधायचा तेही. ‘हस्तांतरण’ हा रकाना नीट बघा. शाखांची संख्या तेवढीच दिसते, पण त्यातल्या अनेकांचे मालक दरवर्षी बदलत असतील तर आत काहीतरी बिनसलेलं आहे.

किमान दहा शाखाचालकांशी बोला. त्यांत तिघे तरी सोडून गेलेले असावेत आणि नावं कंपनीने सुचवलेली नसावीत. ‘धंदा कसा चाललाय?’ याला ‘बरा’ एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा: स्वतःचा पहिला पगार कितव्या महिन्यात उचलला? पुस्तिकेत नसलेला कोणता खर्च पहिल्या वर्षी निघाला? सक्तीच्या पुरवठादाराचा माल बाजारापेक्षा किती महाग पडतो? यंत्र बंद पडलं तर माणूस किती दिवसांनी येतो? सोडून गेलेल्याला एवढंच विचारा की बाहेर पडताना किती पैसे गेले.

उघडण्याआधीचे पैसे

सुरुवातीच्या शुल्कात सहसा नाव वापरायचा हक्क, प्रशिक्षण आणि कामाची नियमपुस्तिका मिळते. ते बहुधा परत मिळत नाही. गाळ्याची अनामत, सजावट, यंत्रं, परवाने, पहिला माल यांचा खर्च वेगळा. इथे घोडं अडतं ते वेळेवर: किल्ली मिळाली की भाडं सुरू होतं आणि सजावट, वीजजोडणी, परवाने यांत उद्घाटन लांबतं. ते दोन महिने लांबलं तर काय, हे आधीच लिहून काढा. शिवाय भाडं, पगार आणि हप्ता मिळून सहा महिन्यांचे पैसे बाजूला हवेत. कर्जाच्या मंजुरीवर उद्घाटन अवलंबून असेल, तर मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत गाळ्यावर सही करू नका.

करारातली कलमं

मुदत जुळते का ते आधी बघा. फ्रँचायझी ५ वर्षांची आणि भाडेकरार ९ वर्षांचा असेल, तर नाव गेल्यावरही ४ वर्षं भाडं तुमच्या अंगावर राहतं.

क्षेत्राचा एकाधिकार (तुमच्या भागात दुसरी शाखा न देण्याचं वचन) लिहिलेला असला तरी त्यातून काय वगळलंय ते वाचा. ऑनलाइन ऑर्डर, छोटे स्टॉल आणि फक्त घरपोच देणारी स्वयंपाकघरं बऱ्याचदा वगळलेली असतात.

नियमपुस्तिका कंपनी मुदतीच्या मध्ये बदलू शकते, म्हणजे नवं यंत्र किंवा नवी सजावट तुमच्या खर्चाने करावी लागू शकते. त्या खर्चाला वार्षिक मर्यादा मागा.

वैयक्तिक हमीवर (धंद्याची देणी स्वतःच्या मालमत्तेतून भरण्याच्या कबुलीवर) सही असेल, तर व्यवसायाची स्वतंत्र कंपनी काढूनही घर सुटत नाही. हमीची रक्कम आणि मुदत दोन्ही बांधून घ्या. कंपनी मूळ करार सहसा बदलत नाही, पण पुरवणी पत्र देते. अशी सूट त्यातच मिळते.

‘हा करार म्हणजेच संपूर्ण समजुती’ अशा अर्थाचं कलम शेवटी असतं. फ्रँचायझी विकणारा कंपनीचा माणूस तोंडी जे बोलला त्याला या कलमानंतर बहुधा किंमत राहत नाही. ‘वर्षभर शेजारी शाखा देणार नाही’ असं त्याने म्हटलं असेल, तर ते वाक्य पुरवणी पत्रात आल्याशिवाय सही नको.

बाहेर पडताना

शाखा विकायची तर कंपनीची मंजुरी, हस्तांतरण शुल्क आणि नव्या मालकाचं प्रशिक्षण लागतं. खरेदीचा पहिला हक्कही कंपनीकडे असू शकतो. मुदतीआधी बंद केली, तर उरलेल्या काळाची रॉयल्टी भरपाई म्हणून मागणारी कलमं असतात. स्पर्धाबंदीच्या कलमात किती वर्षं आणि किती किलोमीटर लिहिलंय बघा, कारण तोच गाळा आणि तेच कारागीर घेऊन स्वतःच्या नावाने दुकान काढायचा बेत त्यावरच अडतो. फोन नंबर आणि ग्राहकांची यादी कोणाकडे राहणार? पाटी उतरवायचा आणि रंग बदलायचा खर्च कोणाचा? ब्रँडच्या मापाने बनवलेली यंत्रं बाजारात फार कमी किमतीला जातात. ती कंपनी परत घेणार का आणि कोणत्या दराने, हे सहीआधी लेखी घ्या. मग करार फ्रँचायझीचं काम केलेल्या वकिलाकडे न्या आणि १०० च्या विक्रीचा तुमचा तक्ता हिशेबनिसाला तपासायला द्या.