घरच्या पनीरला आणि चक्क्याला स्वाद देण्याची रीत

इंदूरच्या मराठी घरांत पनीर घरी करण्याची हौस पुष्कळ आहे आणि मसाल्यांचीही वानवा नाही. सियागंजच्या किराणा बाजारात जिरे, ओवा, शहाजिरे, कलौंजी आणि मिरे हवे तेवढे मिळतात, शिवाय मंदसौर-नीमच पट्ट्यातला उत्तम लसूणही इथे सहज मिळतो. तरीही घरच्या मसाला पनीरबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते: मसाला भरपूर घातला, पण चव काही पनीरमध्ये उतरली नाही. मग पुढच्या वेळी मसाल्याचे प्रमाण वाढवले जाते आणि पनीर स्वादिष्ट होण्याऐवजी कडवट किंवा कचकचीत होते. माझ्या मते इथे प्रमाणापेक्षा वेळ महत्त्वाची आहे. कोणता जिन्नस दुधात घालायचा, कोणता छेन्यात, म्हणजे दूध फाटून वेगळ्या झालेल्या घट्ट भागात, मिसळायचा आणि कोणता तयार पनीरवर वरून लावायचा, हे आधी ठरवले पाहिजे.

यामागचे कारण साधे आहे. २ लिटर म्हशीच्या दुधापासून साधारण ३५० ते ४०० ग्रॅम पनीर निघते आणि दीड लिटरच्या आसपास पाणी गाळून जाते. पाण्यात विरघळणारा प्रत्येक पदार्थ बहुतांशी या पाण्याबरोबर निघून जातो, तर स्निग्धांशात मुरणारा पदार्थ पनीरमध्ये राहतो. मीठ दुधातच घातले तर त्याचा फार थोडा भाग पनीरमध्ये उरतो, म्हणून ते नेहमी छेन्यातच घालावे. केशराचा रंगही पाण्यात विरघळणारा असल्यामुळे दुधात घातलेले महाग केशर बरेचसे निवळीला, म्हणजे गाळून जाणाऱ्या पाण्याला, रंगवण्यात खर्ची पडते. याउलट हळदीचा रंग, मिरचीचा तिखटपणा आणि जिरे-मिऱ्यांचा बराचसा सुगंध स्निग्धांश धरून ठेवतो. म्हणूनच मसाला पनीरसाठी म्हशीचे किंवा फुल क्रीम दूध घ्यावे. सायविरहित दुधाच्या पनीरला तोच मसाला कोरडा आणि उग्र लागतो.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी जिरे-मिरी पनीरपासून सुरुवात करावी, कारण त्यात बिघडण्यासारखे थोडेच असते. दीड चमचा जिरे मंद आचेवर कोरडेच भाजून घ्यावे आणि एक चमचा मिऱ्यांसह खलबत्त्यात जाडसर कुटावे. बारीक पूड करू नये. मिऱ्याच्या पुडीने पनीर करडे दिसते आणि मसाल्याचा स्वतंत्र घास लागत नाही. २ लिटर दूध उकळी येईपर्यंत तापवून गॅस बंद करावा आणि सतत ढवळत सुमारे ७५ अंश सेल्सियसपर्यंत उतरू द्यावे. ४ ग्रॅम सायट्रिक ॲसिड ४०० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवून ते पाणी थोडे थोडे दुधात घालावे. निवळ हिरवट-पिवळी आणि स्वच्छ दिसू लागली की थांबावे, उरलेले पाणी संपवण्याचा आग्रह धरू नये. लिंबाचा रसही चालतो, पण त्याचा वास मागे राहतो. मिरची-कोथिंबिरीच्या पनीरला तो शोभतो, वेलची-केशराच्या पनीरला मात्र शोभत नाही.

छेना पाच मिनिटे निवळीतच राहू द्यावा आणि नंतर मलमलच्या कापडात ओतावा. आंबटपणा काढण्यासाठी त्यावर पाणी घालायचे असेल तर ते आत्ताच, मसाला घालण्यापूर्वी घालावे. निवळीची धार थांबून थेंब पडू लागले, की छेना गरम असतानाच त्यात ५ ग्रॅम मीठ आणि कुटलेला मसाला घालून काट्याने हलक्या हाताने खालीवर करावा. ही सगळ्यात नाजूक वेळ असते. धार चालू असताना मसाला घातला तर तो पाण्याबरोबर वाहून जातो, आणि छेना थंड झाल्यावर घातला तर कण एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे वडी कापताना मसाल्याच्या जागी तडा जातो. फार मळल्यानेही पनीर भुसभुशीत होते. त्यानंतर कापड घट्ट बांधून त्यावर २ ते ३ किलो वजन अर्धा तास ठेवावे.

साध्या पनीरला दाबल्यानंतर थंड पाण्यात बुडवून ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. मसाला पनीरच्या बाबतीत ती सोडून द्यावी, कारण मीठ आणि वरचा मसाला त्या पाण्यात उतरतो. वडी कोरड्या स्वच्छ कापडात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात घालून तीन तास फ्रीजमध्ये ठेवावी आणि घट्ट झाल्यावरच कापावी. चव लगेच ठरवू नये. दुधातली प्रथिने आणि स्निग्धांश तिखटपणा सुरुवातीला झाकून टाकतात, आणि थंड पदार्थाची चवही मंद लागते. रात्रभर मुरलेला तुकडा थोडा वेळ बाहेर ठेवून चाखला म्हणजे पुढच्या वेळी मसाला किती वाढवायचा याचा खरा अंदाज येतो.

जिऱ्याचा स्वाद आणखी खोलवर हवा असेल तर नेदरलँड्समधील लायडन या जिरेयुक्त चीजच्या धर्तीवर घरगुती चीज करणारे एक युक्ती वापरतात. जिरे थोड्या पाण्यात १५ मिनिटे उकळायचे, ते पाणी गाळून दुधात घालायचे आणि मऊ झालेले दाणे छेन्यात मिसळायचे. दुधात वास मुरतो, दाणे दाताखाली कचकचत नाहीत आणि उकळल्यामुळे स्वच्छही होतात. हीच पद्धत ओव्याला लावता येते, परंतु ओवा निम्माच घ्यावा. तमालपत्र, वेलदोडे किंवा अख्खे मिरे यांचा केवळ सुगंध हवा असल्यास ते गरम दुधात २० मिनिटे झाकून ठेवावेत आणि दूध गाळून, पुन्हा तापवून मगच फाडावे.

ताज्या पालेभाज्यांबाबत अधिक सावध राहावे लागते. कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची यांच्यासोबत पाणी आणि माती दोन्ही येतात, आणि ओलसर, कमी आंबट पनीर हे जंतूंना फार मानवणारे घर आहे. पाने निवडून, धुऊन, उकळत्या पाण्यात काही क्षण बुडवावीत, लगेच थंड पाण्यात टाकावीत आणि पंच्यात गुंडाळून पूर्ण कोरडी करूनच चिरावीत. रंगही त्यामुळे हिरवागार राहतो. एवढी खटपट करायची नसेल तर वाळवलेला पुदिना किंवा कसुरी मेथी वापरावी. सायप्रसच्या हलुमी चीजमध्ये पुदिना घालण्याची रीत जुनी आहे आणि पुदिन्याचा तो थंड स्वाद आपल्या पनीरमध्येही सुरेख उतरतो.

कच्चे आले, कच्ची पपई आणि ताजा अननस मात्र पनीरमध्ये घालू नयेत. त्यांच्यातील विकरे दुधाची प्रथिने तोडतात, त्यामुळे पनीर दुसऱ्या दिवशी मऊ आणि कडू लागते. आल्याची चव हवीच असेल तर चिमूटभर सुंठ घालावी.

लसूण कच्चा घालण्याऐवजी सालासकट तव्यावर मऊ होईपर्यंत भाजून, ठेचून छेन्यात मिसळावा. त्याला गोडसर, गोल चव येते. पनीरचे तुकडे लसणाच्या तेलात बुडवून ठेवण्याची पद्धत सध्या लोकप्रिय आहे, आणि त्याविषयी मी आग्रहाने सांगेन, की असा डबा ओट्यावर कधीही ठेवू नये. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि लसूण आंबट नसतो. अशा जागी बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जंतू वाढू शकतो आणि त्याचा वास किंवा चव कळतेच असे नाही. लसणाचे तेल लागेल तेवढेच करावे, फ्रीजमध्ये ठेवावे आणि ४ दिवसांच्या आत संपवावे.

इंदुरी माणसाच्या मनात जिरावण येणारच. पोह्यांवर भुरभुरायच्या या मसाल्यात मीठ, काळे मीठ आणि आंबटपणा आधीच असतो, म्हणून ते छेन्यात मिसळल्यास वेगळे मीठ घालू नये. मला स्वतःला ते आत घातलेले आवडत नाही. काळ्या मिठाचा वास दुधाच्या गोडव्यावर चढतो आणि मीठ पाणी ओढत असल्यामुळे वरून लावलेला थरही फ्रीजमध्ये चिकट होतो. कापलेल्या वड्यांवर वाढण्याच्या क्षणी ते भुरभुरावे; तेव्हा त्याची खरी लज्जत कळते.

धुराचा स्वाद देण्यासाठी धुंगाराइतकी सोपी पद्धत दुसरी नाही. बंगालमधील बॅन्डेल चीज धुरावर धरलेलेही मिळते. आपल्या घरी तेवढी व्यवस्था नसली तरी एक निखारा पुरतो. कोरड्या वड्या पातेल्यात पसराव्यात, मध्ये वाटीत लाल निखारा ठेवून त्यावर अर्धा चमचा तूप सोडावे आणि झाकण लावावे. ३ मिनिटांत स्निग्धांश धूर पकडतो. त्यापेक्षा अधिक वेळ ठेवल्यास काजळीची कडू चव येते. खिडकी उघडी ठेवूनच हे करावे.

ज्यांना दाबणे आणि कापणे यांची कटकट नको, त्यांनी चक्का घ्यावा. घट्ट दही कापडात बांधून १० ते १२ तास टांगले की उरलेल्या चक्क्यातून फारसे पाणी जात नाही, त्यामुळे त्यात घातलेले सर्व काही तिथेच राहते. चमचाभर गरम दुधात भिजवलेले केशर इथे पूर्ण रंग देते. तिखट चवीसाठी दर १०० ग्रॅमला १ ग्रॅम मीठ, भाजलेला लसूण आणि कुटलेले मिरे घालावेत, किंवा छोटे गोळे वळून भाजलेल्या कलौंजीत घोळवावेत. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो. त्या दिवसांत दही गॅलरीत टांगू नये, चाळणीत कापड घालून फ्रीजमध्येच निथळू द्यावे.

मसाला असलेले पनीर साध्या पनीरपेक्षा जास्त टिकते, असा समज आढळतो. घरी त्यावर विसंबू नये. सुक्या मसाल्याचे पनीर फ्रीजमध्ये ठेवून २ ते ३ दिवसांत आणि हिरव्या पाल्याचे दुसऱ्याच दिवशी संपवावे. गाळून उरलेली निवळ टाकून देऊ नये; बाफल्याचे (उकडून मग भाजायच्या गव्हाच्या गोळ्यांचे) पीठ त्यात मळल्यास बाफले मऊ होतात.