लाइट रेल (रस्त्यावरून धावणारी ट्रामसारखी हलकी रेल्वे) येतेय, पण स्टेशनपर्यंत चालत जाता येईल का? असं तपासा

नकाशावर स्टेशनभोवती ८०० मीटरचा गोल काढतात आणि म्हणतात दहा मिनिटांत पोचाल, पण उपनगरात गल्ल्या बंद, कंपाउंडच्या भिंती लांबलचक, त्यामुळे सरळ रेषेतले ८०० मीटर पायी सहज दीड किलोमीटर होतात. म्हणून गोलावर विश्वास न ठेवता घरापासून स्टेशनच्या जागेपर्यंत खरंच चालून बघा, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर.

चालताना फुटपाथ कुठे तुटतो, सावली आहे का, ते बघाच, पण जास्त वेळ द्या क्रॉसिंगला. सिग्नलचे सेकंद मोजा. १८ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला १५ सेकंद घेतो, म्हातारी माणसं, लहान मुलं त्याहून हळू, म्हणजे सिग्नल १५ चाच असेल तर आजी मधेच अडकणार!

काम सुरू झालं की आधी पाण्याच्या, गॅसच्या लाइन आणि केबल हलवतात, रूळ नंतर येतात, त्यामुळे खोदकाम वाटतं त्यापेक्षा लांबतं. तेवढ्या काळात फुटपाथ बंद केला तर त्याच बाजूला बॅरिकेड लावून व्हीलचेअर जाईल एवढी वाट मागा, 'पलीकडच्या बाजूने जा' हा बोर्ड पुरेसा नाही.

आणि हो, सायकलवाल्यांनो, रूळ शक्यतो काटकोनातच ओलांडा, तिरके गेलात तर चाक खाचेत अडकतं.

तक्रार करताना फोटो, जागा, वेळ तिन्ही द्या, आणि डिझाइन फायनल व्हायच्या आधीच द्या, काँक्रीट पडल्यावर क्रॉसिंग हलवणं जवळपास अशक्य.