ग्राफिक्स अपडेट येतंय? आधी आपल्या कॅरेक्टरचे फोटो काढून ठेवा

बरीच वर्षं चाललेल्या ऑनलाइन खेळाचं मोठं ग्राफिक्स अपडेट यायचं असेल, तर त्याच्या आदल्या रात्री कॅरेक्टरचे नीट फोटो काढून ठेवा. अपडेट एकदा चढलं की जुना चेहरा पुन्हा बघायला मिळत नाही. मग ‘काहीतरी बिघडलंय’ एवढंच म्हणता येतं. नेमकं काय, ते दाखवता येत नाही.

मी नौपाड्यात लग्नाचे अल्बम डिझाइन करते. दिवस चेहरे आणि रंग यांतच जातो. रात्री आमची गिल्ड, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचा गट, सांभाळते. मंडळी बहुतेक ठाणे, कळवा आणि ऐरोलीची. आमच्या खेळाचं रूप पालटलं तेव्हा ग्रुपवर भडका उडाला होता. तो निस्तरताना जी पद्धत हाती लागली, ती इथे लिहिते.

फोटो कसे काढायचे

खेळातली एक जागा ठरवा आणि खेळातली वेळही तीच ठेवा. भर दुपार, संध्याकाळ आणि एखादी अंधारी गुहा, एवढे प्रकाश पुरेत. प्रत्येक ठिकाणी समोरून, थोडं वळून आणि फक्त डोळ्यांचा जवळून, असे फोटो घ्या. इंटरफेस, म्हणजे स्क्रीनवरची बटणं आणि आकडे, लपवा. स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये ठेवा. मोबाइलने मॉनिटरचा फोटो काढू नका, कारण मोबाइल आपल्या मर्जीने रंग बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आणि पहिल्यांदा जातात ते पापण्यांचे केस, म्हणजे नेमकं ज्यावरून वाद होणार आहे तेच.

त्याच रात्री गर्दीच्या शहरात, मोकळ्या मैदानात आणि मोठ्या लढाईत किती एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) मिळतात तेही लिहून ठेवा.

पहिल्या दिवशी फक्त मशीन बघा

अपडेटनंतर सेटिंग बऱ्याचदा मूळपदावर जातात. अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणं) आपोआप चालू झालं असेल तर सगळं धुरकट दिसतं आणि लोक त्याचं खापर नव्या ग्राफिक्सवर फोडतात. ते बंद करून बघा. विंडोजचे नाइट लाइट आणि एचडीआर हेही रंग बदलतात, ते चालू आहेत का बघा. नव्या भागात पहिल्यांदा गेल्यावर गेम अडखळत असेल आणि दुसऱ्यांदा नाही, तर शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत होते. त्यासाठी काही करायची गरज नाही.

एफपीएस सुरुवातीपासूनच कमी असतील आणि ग्राफिक्स कार्ड चार जीबीचं असेल, तर आधी टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) एक पायरी खाली आणा, मग सावल्या. सुरुवात छान होऊन थोड्या वेळाने एफपीएस पडत असतील, तर लॅपटॉप तापतोय. आपल्याकडच्या जूनच्या दमट हवेत हे हमखास होतं. त्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्यांच्या पंख्यात मेट्रोच्या कामाची धूळ बसलेली असते. लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा, मागची बाजू थोडी उंच करा आणि पंखा साफ करून घ्या. आमच्यातल्या कितीतरी जणांच्या तक्रारी इथेच संपल्या.

ज्यांच्या संपल्या नाहीत, त्यांना ग्रुपवर सर्वांत आधी बोलू द्या. कळव्याचा आमचा एक मुलगा जुन्या लॅपटॉपवर खेळतो. बाकीचे नाकाच्या आकारावर भांडत असताना त्याला लढाईत उतरताच येत नव्हतं. २०२३च्या सप्टेंबरमध्ये सीएस:गो या गोळीबाराच्या खेळाच्या जागी काउंटर-स्ट्राइक २ आला तेव्हा मॅकवर खेळणाऱ्यांना दारच बंद झालं. ज्याचा खेळच सुटतो, त्याची तक्रार आणि ‘पूर्वीचं बरं होतं’ ही तक्रार एका ओळीत बसवू नका. गिल्ड चालवणाऱ्याने हे ठामपणे सांगायला हवं.

दिसणं वेगळं, ओळख वेगळी

मशीनचा प्रश्न मिटला की उरलेल्या तक्रारींचे दोन भाग करा.

एक म्हणजे, खेळताना जे दिसायला हवं ते दिसतंय का? शत्रू भिंतीच्या रंगात मिसळतो, जमिनीवरची धोक्याची खूण नव्या गवतात हरवते, ही खरी अडचण आहे आणि ती मोजता येते. काउंटर-स्ट्राइक २मध्ये व्हॉल्व या कंपनीने डस्ट २ या जुन्या नकाशाचा आराखडा तसाच ठेवला, फक्त प्रकाश आणि माणूस ओळखू येणं सुधारलं. बदल काय झाला हे खेळाडूंना ओळखीच्या जागी ताडता यावं, हा हेतू होता. मला तो फार शहाणपणाचा वाटतो. तुम्हीही नव्या नकाशावर मत बनवू नका. जिथे पाय आपोआप चालतात त्या जुन्या जागी जाऊन बघा.

दुसरा भाग चेहऱ्याचा. इथे लोक एकमेकांना हसतात, आणि ते मला मुळीच पटत नाही. रिटच केलेला फोटो पाहून नवरी म्हणते, “ताई, ही मी वाटतच नाही,” तेव्हा तिचं बरोबर असतं. त्वचा नितळ असते, प्रकाश सुंदर असतो, आणि तरी ती त्यात नसते. वर्षानुवर्षं रोज पाहिलेल्या कॅरेक्टरचंही तेच.

असं का होतं ते समजून घेतलं की तक्रार धारदार होते. जुन्या खेळांत कलाकार नाकाखालची सावली आणि डोळ्यांतली चमक बऱ्याचदा टेक्स्चरमध्येच रंगवून ठेवत. अंधारातही ती चमक जात नसे, म्हणून चेहरा जिवंत वाटे. नव्या पद्धतीत सावली आणि चमक त्या जागेवरच्या प्रकाशातून दर क्षणी काढली जाते. प्रकाश डोळ्यांपर्यंत पोचला नाही, तर बुबुळ मातकट दिसतं. त्यात जुनं टेक्स्चर कमी बारकाव्याचं, त्यामुळे ओठांची कड, भुवईचा कोन यांतलं बरंच आपलं मन भरत होतं. नव्यात तो कोन कुणीतरी ठरवलेला असतो, आणि तो तुमच्या मनातल्यासारखा असेलच असं नाही.

फायनल फँटसी १४चं उदाहरण माझ्या ग्रुपला मी नेहमी देते. २०२४च्या डॉनट्रेल या विस्तारासोबत त्या ऑनलाइन खेळाचं मोठं ग्राफिक्स अपडेट आलं. त्याआधी एप्रिलमध्ये बेंचमार्क, म्हणजे आपल्या मशीनवर खेळ कसा चालेल ते दाखवणारा प्रोग्राम, निघाला, त्यात लोकांनी आपापली कॅरेक्टर बघितली आणि डोळे निर्जीव झाल्याची ओरड झाली. निर्माते-दिग्दर्शक नाओकी योशिदा यांनी त्यावर उत्तर दिलं, आणि मे महिन्यात सुधारलेला बेंचमार्क आला. तक्रार ‘डोळे’, ‘प्रकाश’ अशी बोट ठेवून केलेली होती, म्हणून ती हाताळता आली असं माझं मत आहे.

‘जुनं परत आणा’ लिहिण्याआधी रूनस्केप या जुन्या ऑनलाइन खेळाकडेही बघा. त्याच्या २००७मधल्या रूपावरून २०१३ साली ओल्ड स्कूल रूनस्केप निघालं. त्याच जुन्या खेळासाठी ११७ एचडी नावाचं ग्राफिक्स सुधारणारं प्लगइन (वरून जोडायचा प्रोग्राम) बनलं. २०२१मध्ये कंपनीने ते थांबवायला सांगितल्यावर खेळाडूंनी खेळातच निदर्शनं केली, आणि कंपनीने निर्णय मागे घेतला. म्हणजे जुन्यावर जीव असलेल्यांनाही नवं चालतं. ते हवं तेव्हा चालू-बंद करता आलं पाहिजे. मागणी करायची तर अशा पर्यायाची करा.

तक्रार कशी लिहायची

‘चेहरा घाण केला’ या वाक्यावर कुणी काम करू शकत नाही. आमच्यातल्या एकीचं खेळाच्या कंपनीला पाठवायचं पत्र आम्ही मिळून असं केलं:

“स्त्री, चेहरा क्रमांक ३. बंदराजवळचा चौक, खेळातले दुपारचे बारा, आभाळ मोकळं. जुन्या चित्रात बुबुळ पूर्ण दिसतं. नव्यात वरच्या पापणीची सावली त्याचा वरचा भाग झाकते, त्यामुळे डोळे झोपाळू वाटतात. ग्राफिक्स सर्वांत वरच्या पातळीवर, अपस्केलिंग बंद. दोन्ही चित्रं सोबत.”

एका पत्रात एकच मुद्दा. आधी मराठीत लिहा, वाक्यं छोटी ठेवा, मग इंग्रजी करा. रागाच्या भरात थेट इंग्रजीत लिहिलेलं पत्र विशेषणांनीच भरतं. आवडलेलंही कळवा. कापडाची वीण किंवा पाण्यावरचा उजेड खरोखर छान झाला असेल, तर तो पुढच्या पॅचमध्ये, म्हणजे छोट्या अपडेटमध्ये, बिघडू नये म्हणून.

पत्र गेल्यावर दोन आठवडे तरी त्याच चेहऱ्याने खेळा. डोळ्यांना सवय होते आणि काही तक्रारी आपोआप गळतात. ज्या राहतात त्या पक्क्या समजा.

आणि एक. अशा वेळी काही खेळ चेहरा बदलायची सोय फुकट देतात. फायनल फँटसी १४ने डॉनट्रेलच्या वेळी खेळाडूंना फँटासियाची, म्हणजे रूप बदलणाऱ्या औषधाची, एक कुपी दिली होती. तशी वस्तू तुम्हाला मिळाली तर पहिल्या आठवड्यात वापरू नका. प्रकाशाच्या दुरुस्त्या पुढच्या पॅचमध्ये येऊ शकतात, आणि आज अंधाऱ्या डोळ्यांवर उपाय म्हणून निवडलेला फिकट रंग तेव्हा भगभगीत दिसेल.